विमलवहिनीची प्रवासाची पुस्तकं

नागपूरच्या धंतोलीतल्या दवाखान्यातून मी अंघोळीपुरती घरी आले होते. केस पुसते न पुसते तोच शेजारच्या मेश्रामकाकू दारात येऊन उभ्या राहिल्या. फोन त्यांच्याकडे होता, आमच्याकडे नव्हता. त्यांनी नुसती मान हलवली… मी म्हटलं, "बरं." खरं सांगते, इतकी थकले होते की पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की आता दवाखान्याचे ते जिने पुन्हा चढायचे नाहीत. रडू आलं ते रिक्षात बसल्यावर, आणि ते अजून अधूनमधून येतंच आहे. भाजी निवडताना येतं, शाळेत हजेरी घेताना येतं. चालायचंच.

वहिनीला जाऊन आता काही आठवडे झाले. भेटायला येणारी माणसंही कमी होत चालली आहेत, ते एक बरं आहे. येणाऱ्यांचा राग नाही, पण प्रत्येक जण एक वाक्य बोलतो आणि ते ऐकून माझं डोकं उठतं. "विमलताईंना प्रवासाची काय हौस होती! नशिबात नव्हता बिचारीच्या. पण पुस्तकं वाचून घरबसल्या सगळा देश पाहून झाला होता हो त्यांचा." परवा एक बाई असं म्हणाल्या तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवून सरळ आत निघून गेले. पुस्तकं वाचून कुणाचा देश पाहून होत नसतो. वहिनी असती तर तिने त्या बाईंना आणखी अर्धा कप चहा दिला असता आणि हसून मान डोलावली असती. मी काही तिच्यासारखी नाही. म्हणून हे एकदा लिहून टाकते आहे.

विमलवहिनी खाप्याची. कन्हान नदीकाठचं गाव, माहेरी विणकाम. ती लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा मी नववीत होते, त्यामुळे ती मला पहिल्या दिवसापासून अगं-तुगं करायची आणि मला ते आवडायचं. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, रेल्वेच्या ऑफिसात. रेल्वेच्या माणसाला दरवर्षी पास मिळतो, आणि तो वापरला नाही की वाया जातो. पास वाया गेला म्हणजे दादाला घरात चोरी झाल्यासारखं वाटायचं. "पास आहे ना, मग जायचंच," हे त्याचं ठरलेलं. त्यामुळे दर उन्हाळ्यात आमच्या घरातून कुणी ना कुणी कुठे ना कुठे जायचंच. पण वहिनी आली त्याच्या पुढच्याच वर्षी आईला लकवा झाला. उजवी बाजू गेली. उठवायचं, बसवायचं, कूस बदलायची, भरवायचं. वहिनीच्या हातचं ती मुकाट्याने खायची, माझ्या हातचा घास मात्र तोंडात धरून बसायची, गिळायचीच नाही. मग प्रवासाला जाताना आईजवळ वहिनी थांबली. असं कुणी ठरवलं नव्हतं हो. एकदा थांबली, दुसऱ्यांदा थांबली, आणि मग ती थांबतेच असं होऊन गेलं.

तर पुस्तकांचं असं. पास कुठला काढायचा हे दादा ठरवायचा, पण तिथे उतरल्यावर काय करायचं हे त्याला ठाऊक नसायचं. ते काम वहिनीने आपणहून अंगावर घेतलं. सीताबर्डीच्या बाजारात, आमच्या बर्डीवर, फुटपाथला जुनी पुस्तकं विकायला बसत, तिथे ती मला घेऊन जायची. रेल्वेस्टेशनच्या बुकस्टॉलवरही जायची. एकाच गावाची तीन-चार प्रवासमार्गदर्शकं असत, आणि त्यातलं कोणतं घ्यायचं हे ठरवायची तिची स्वतःची रीत होती. ती आधी जायचं ते गाव उघडायचीच नाही. आधी नागपूर काढायची! "आपल्या गावाचं काय लिवलं ते पाहू दे. इथंच खोटा बोलला तं तिथं काय खरा बोलन तो?" नुसती संत्री आणि सीताबर्डीचा किल्ला सांगून मोकळा झालेला लेखक तिच्या हातून पटकन परत ढिगात जायचा. नागपूरला मे महिन्यात येऊ नका, आलात तर दुपारी बाहेर पडू नका, असं कुणी लिहिलेलं दिसलं की म्हणायची, "हा येऊन गेला आहे इथं." 'रमणीय' शब्दावर तर तिचा दातच होता. जो 'रमणीय' लिहितो तो त्या जागी गेलेलाच नाही, आणि जो 'पायऱ्यांवर सावली नाही' असं लिहितो तो जाऊन आलेला आहे, असं तिचं मत.

हळूहळू आमच्या सगळ्या नंदनवन वस्तीत ही गोष्ट पसरली. कुणी कुठे निघालं की आधी आमच्या ओट्यावर. "वहिनी, पुरीला चाललो. कोणतं पुस्तक घेऊ?" मेश्रामकाकूंना सारनाथ आणि बुद्धगयेला जायचं होतं, तेव्हा वहिनीने कितीतरी पुस्तकं परत केली. बहुतेक पुस्तकांत सारनाथ काशीच्या शेपटाला दोन ओळींत उरकलेलं. "काकू दोन ओळींसाठी चालल्या का एवढ्या लांब?" म्हणून ती चिडली होती, आणि शेवटी सारनाथला अख्खं पान दिलेलं पुस्तक शोधूनच थांबली. माणसं परत आली की तिच्यासाठी काही ना काही आणायची. आमचं शोकेस पुरीच्या शंखाने, म्हैसूरच्या चंदनी हत्तीने, कन्याकुमारीच्या शिंपल्यांनी भरून गेलं, आणि त्यातल्या एकाही ठिकाणी ती गेलेली नव्हती. आम्ही परत आलो की पोळ्या लाटता लाटता ती विचारायची, "स्टेशनच्या डाव्या हाताले धर्मशाळा होती ना? विहीर होती का अंगणात?" आम्हाला कुठली विहीर आठवायला! दादा हसून म्हणायचा, "तुले जास्त माहीत आहे. तू तं घरबसल्या फिरून आली." तीही हसायची. मला कधीकधी त्या हसण्याचा राग यायचा.

अशी वर्षं गेली. पंचाऐंशीच्या आसपासची गोष्ट. माझी भाची, वहिनीची मीनू, तेव्हा आठवीत होती. तिच्या वर्गातली एक मुलगी दिल्लीला मामाकडे जाऊन आली आणि तिथे नवीन झालेल्या खेळांच्या बागेच्या गोष्टी सांगू लागली. विजेवर फिरणारा उंचच उंच पाळणा, उंचावरून धाडकन पाण्यात पडणारी नाव, एकमेकांना धडकणाऱ्या मोटारी. मीनूने घर डोक्यावर घेतलं. दादा म्हणाला, पास आहेच, जाऊ. वहिनी तांदूळ निवडत होती. खाली मान घालूनच तिने मीनूला विचारलं, "मोठ्या माणसांले बसू देतात का वं त्याच्यात?"

मीनू खो-खो हसली. "आई, तुला बसायचं आहे?"

"इचारून राहिली नुसती," वहिनी म्हणाली, आणि सूप घेऊन आत गेली.

दुपारी कूलरसमोर आम्ही दोघीच आडव्या झालो होतो, तेव्हा मी विषय काढला. मग तिने सांगितलं. खाप्याला नदीकाठी जत्रा भरायची, लाकडी रहाटपाळणा यायचा, दोन माणसं हातांनी फिरवायची. वहिनी भावंडांत थोरली. धाकटा कडेवर, बाकीच्यांच्या चपला पदरात, आणि ही खाली उभी. दरवर्षी वाटायचं, पुढच्या वर्षी धाकटा चालता होईल. तो चालता झाला तर त्याच्या पाठीवर दुसरा आला. आणि मग लग्नच झालं. "वरून नदी कशी दिसत असन वं?" ती म्हणाली. "सगळे सांगत, वरून पार पलीकडलं गाव दिसते…" चाळिशी ओलांडलेली बाई छताकडे पाहत हे बोलत होती. मी म्हटलं, ह्या वेळी तू जायचं. आईजवळ मी थांबते. घास धरून बसली तर बसली, उपाशी काही मरत नाही! वहिनी म्हणाली, "हळू बोल, जाग्या आहेत त्या."

आणि ती पुस्तकाच्या शोधाला लागली. या बागेची पंचाईत अशी की ती नवी. जुन्या पुस्तकांत तिचा पत्ताच नाही. एक जाडजूड मराठी पुस्तक होतं, त्यात दिल्लीची देवळं, किल्ले, मराठी माणसाला जेवण कुठे मिळेल, सगळं होतं, बाग नव्हती. दादाच्या साहेबाने एक इंग्रजी पुस्तक दिलं. त्याचा लेखक परदेशी, पण सरळ माणूस. नागपुरात त्याला डास चावले होते आणि ते त्याने स्पष्ट लिहिलं होतं. त्यात बागेवर अर्धं पान होतं. कुठली बस, कुठला दिवस बंद, कधी गर्दी नसते, सगळं नीट. मला वाटलं, झालं, हेच. मीनू रोज संध्याकाळी तेच वाचून दाखवायची आणि वहिनी कान देऊन ऐकायची. पण काही दिवसांनी ती स्टेशनवरून एक पातळ हिंदी पुस्तक घेऊन आली. मुखपृष्ठावर लालभडक पाळणा, आतली छपाई अशी की शाई बोटाला लागावी. मी तिच्याच रीतीने आधी नागपूर काढलं. रामटेक सरळ नागपूर शहरात बसवलेलं! तलावाच्या जागी समुद्र लिहायचा तेवढा बाकी होता.

"वहिनी, अगं हे काय उचलून आणलंस? ह्याने तर रामटेक बर्डीवर आणून ठेवलंय."

"असू दे," ती म्हणाली.

"असू दे काय? दुसऱ्या कुणी आणलं असतं तर तू…"

"असू दे म्हटलं ना वं. हेच नेऊ." आणि ते पुस्तक तिने आपल्या पिशवीत ठेवूनही दिलं. मला नवलच वाटलं. इतकी वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं पारखणारी बाई, आणि स्वतः जायची वेळ आली तर हे! मग वाटलं, हिलाही पाळण्याच्या चित्राची भूल पडली असेल. पडू दे बापडी.

जायचं ठरलं तेव्हा दादाने नेहमीप्रमाणे माझं नाव गृहीत धरलं होतं. मी म्हटलं, मी येत नाही, वहिनी येईल. तो म्हणाला, "अरे, पण तिले गर्दीत चक्कर येते. आईचं कसं होईन?" दादा वाईट माणूस नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं. मी भांडायला तोंड उघडणार तोच वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "मी येतो ह्या वेळेस." खाप्याच्या बायका 'येतो' म्हणतात, तशी एरवी ती आमच्यापुढे बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. दादा तिच्याकडे पाहतच राहिला आणि मग म्हणाला, "बरं, ये."

ते गेले, आणि मी आईजवळ राहिले. काय ते दिवस! कूलरचं पाणी दुपारी संपायचं, नळाला संध्याकाळपर्यंत पाणी नाही. आई खरोखरच घास धरून बसायची, डोळे दाराकडे. "विमल," एवढा एकच शब्द तिला नीट म्हणता यायचा आणि तो ती सारखा म्हणायची. माझी पाठ मोडून आली. हे सगळं वहिनी इतकी वर्षं कसं करत होती, असा विचार मी तेव्हा पहिल्यांदाच सवडीने केला. पण मधूनच मला वाटायचं, आत्ता ती वर असेल, पाळण्यात, पदर घट्ट धरून… आणि बरं वाटायचं.

परत आले तेव्हा मीनूचं तोंड थांबेना. दादा तर दारातूनच हसत आला. "तुझ्या वहिनीची कमाल ऐक! एवढ्या दूर नेलं तिले, आणि बाईसाहेब दिवसभर बाकावर बसून पुस्तक वाचत होत्या. समोर पाळणा फिरून राहिला आणि ह्या पुस्तकात पाहून राहिल्या!" मेश्रामकाकू आलेल्या होत्या, त्याही हसल्या. वहिनीही हसली. पिशव्या ठेवल्या, आईच्या खोलीत जाऊन तिची कूस बदलली, आणि चहा टाकायला गेली. मी मागोमाग गेले. "बसली नाहीस?" म्हणून विचारलं. "नाही वं. चक्कर आली असती." चेहरा प्रवासाने काळवंडलेला होता. मी कपबशा काढून दिल्या.

दुसऱ्या दिवशी रद्दीवाला आला तेव्हा तिने ते पातळ पुस्तक त्याच्या तराजूत टाकलं. तिने प्रवासाचं पुस्तक रद्दीत दिलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. मी म्हटलं, "मी सांगितलं होतं ना, खोटं आहे म्हणून?" ती म्हणाली, "हो, तू सांगतलं होतं." त्यानंतर ती बर्डीला पुस्तकं पाहायला गेली नाही. लोक विचारायला आले तर सांगायची, पण घरात असलेल्याच एखाद्या पुस्तकाचं नाव सांगून वाटेला लावायची.

पुढे आई गेली. आता वहिनी मोकळी झाली, असं सगळे म्हणू लागले, आणि म्हणता म्हणताच तिचं पोट दुखायला लागलं. मग धंतोलीच्या फेऱ्या. हा डॉक्टर, तो डॉक्टर, एक्सरे, पुन्हा रक्त. विदर्भातली सगळी दुखणी त्या दोन-चार गल्ल्यांत येऊन बाकावर बसलेली असतात, त्यांत आमचं एक. कंटाळा आला होता सगळ्याचाच, दुखण्याचा, वासाचा, डब्यातल्या थंड वरणभाताचा. तिलाही. एका दुपारी ती जरा शांत पडली होती. वेळ जावा म्हणून मी म्हटलं, "बरी झालीस की कुठे जायचं सांग. पास काढायला लावू दादाला."

तिने पांघरूण जरा वर ओढलं. मग म्हणाली, "ते पातळ पुस्तक आठवते का तुले?"

"रामटेकवालं?"

"हो. त्याच्यात एक ओळ होती. बागेच्या फाटकाजवळ सामान ठेवाची सोय आहे म्हणून. बाकी कोणत्याच पुस्तकात नव्हती… सगळ्यांत पाह्यलं मी. मीनूले पुन्हा पुन्हा वाचाले लावलं ते इंग्रजी. त्यातबी नाही." ती थांबली, ओठ ओले केले. "पुस्तक खोटं आहे ते मले समजत होतं वं. पण वाटलं, एक ओळ तं खरी असन. सामान तिथं ठेवलं की मी मोकळी."

"आणि तिथे?"

"कायचं काय! काहीच नव्हतं तसं. दोन पिशव्या, डबा, फिरकीचा तांब्या, मीनूच्या चपला. तुझे भाऊ म्हणे, तू बस इथं. मी बसली. मंग पुस्तक काढून ती ओळच पाहत होती… मीच चुकीचं वाचलं का म्हणून."

मी म्हटलं, "अगं, दादाला नुसतं म्हणायचं होतंस, तुम्ही धरा पिशव्या, मला बसायचं आहे!"

वहिनी माझ्याकडे वळली. "सांगाची गोष्ट आहे का ते? पोरगी मोठी झाली, डोक्यावर पांढरे केस, आणि म्हणू, मले पाळण्यात बसाचं आहे?" मग डोळे मिटून म्हणाली, "पण बसाचं होतं वं मले. लय बसाचं होतं."

आता समजलं ना, त्या बाईंचं बोलणं ऐकून मी आत का निघून गेले? वहिनीला पुस्तकांची हौस नव्हती. तिला जायचं होतं. सगळ्या पुस्तकांत ती बहुधा हेच शोधत असावी, की कुठेतरी, कुणीतरी, आपण न मागता आपली सोय करून ठेवलेली आहे. माणसांकडे मागणं तिला कधी जमलं नाही, म्हणून ती छापलेल्या कागदाकडे मागत राहिली. आणि आम्ही तिला हुशार म्हणत राहिलो. दादाला हे मी अजून सांगितलेलं नाही. धीरच होत नाही. हे जिथे छापून येईल ती रविवारची पुरवणी तो शेवटच्या पानापासून वाचत येतो. कधीतरी इथवर येईल.

गेल्या रविवारी आम्ही तिघं, दादा, मीनू आणि मी, खाप्याला निघालो होतो. वहिनीची म्हातारी आई अजून आहे, तिला भेटायचं होतं, वहिनीची लुगडी द्यायची होती. बसस्टँडवर मरणाची गर्दी. पिशव्या एका खांबाजवळ ठेवल्या. दादा खिडकीकडे चौकशीला गेला, मीनू पाणी भरायला गेली, आणि मी गाडी कुठे लागते ते पाहायला पुढे गेले. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. थोड्या वेळाने तिघंही तिन्ही बाजूंनी परत आलो, तर पिशव्या एकट्याच. लोक त्यांना ओलांडून चालले होते.

दादा एकदम ओरडला, "अरे, सामानाजवळ कोणी नाही? कोण होतं सामानाजवळ?"

मीनू म्हणाली, "आई असते ना, बाबा."

दादा तिच्याकडे पाहत राहिला, मग पिशव्यांकडे. खांबाला हात धरून तो तिथेच जमिनीवर, सामानाजवळ बसला. खाप्याची गाडी लागली, भरली आणि गेली. त्याला ऊठ म्हणणं आमच्यापैकी कुणाच्याने झालं नाही.